रुमालाची जागा

तुम्ही मला भांडखोर म्हणता ना, मग हेही ऐका. बीडहून धारूरला जाणारी एसटी खचाखच भरली होती. एका सीटवर कुणीतरी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली होती. शेजारी एक म्हातारी दांडी धरून उभी, हाताला सलाईनची पट्टी तशीच. माझं डोकं फिरलं. मी रुमाल उचलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "बसा मावशी. जागा माणसाची असते, फडक्याची नाही."

ती बसली. मागचा माणूस कानाशी कुजबुजला, "साहेब, ती दस्ती कुणाची हाय म्हाईत हाय का? मागच्या महिन्यात त्यानं कंडक्टरला गचांडी धरून खाली ओढलं व्हतं."

तेवढ्यात तो चढला, मागे आणखी दोघे. आवाज अगदी हळू. "माझी दस्ती कुणी उचलली बे?"

तीस वर्षं पत्रकार म्हणून मी पुढाऱ्यांना तोंडावर प्रश्न विचारत आलोय. रुमाल माझ्या हातातच होता. तरी म्हणालो, "खाली पडली होती. उचलून ठेवली."

त्यानं ती घेतली, माझ्याकडं बघत सावकाश घडी घातली. "ऱ्हायला कुठं तुमी?"

मी खिशात सुट्टे पैसे शोधू लागलो. म्हातारीच उठली. "बस बाबा, तुझीच जागा हाय ती."

तो बसला. गाडी सुटली तरी मी त्याच्याकडं बघायचं टाळत होतो. म्हातारीनं माझा दंड घट्ट धरला.

"भिऊ नगं लेकरा," ती म्हणाली, "मला हुबं ऱ्हायची सवय हाय."