वीतभर तुकडा

वहिनी : आडवळणं नकोत, भाऊजी. यांच्या कॅमेऱ्यातला रोल धुतलात की नाही?

भाऊजी : आधी बसा तरी. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय गेलाय.

वहिनी : हे जाऊन आठ महिने झाले. आठ महिने तुम्ही मला नुसतं बसा म्हणताय!

भाऊजी : वहिनी, रंगीत फिल्म धुवायच्या डेव्हलपरचं एकच पाकीट उरलं होतं. एकदा पाण्यात कालवलं की ते फार दिवस टिकत नाही. म्हटलं, लॅबमध्ये अजून चार रोल येऊ देत, मग फोडू.

वहिनी : आले?

भाऊजी : काळं कुत्रं फिरकलं नाही. शेवटी काल फोडलं. पावडर फिकट हवी, ती निघाली चहाच्या भुकटीसारखी. पाकिटाला बारीक भोक होतं, हवा लागली. रंग तीच आणते हो, बाकीची रसायनं नुसती हमाल.

वहिनी : दुसरं मागवा.

भाऊजी : कुठून? कारखान्यात फोन केला. तिथे आता फरश्या करतात.

वहिनी : मग ब्लॅक अँड व्हाइट काढा. रंगाचं काय कौतुक मला! माणूस दिसला म्हणजे झालं.

भाऊजी : ते जमेल. पुसट येईल, पण येईल.

वहिनी : मग तोंड पाडून का बसलाय?

भाऊजी : कालवलेलं ओतून द्यायला जीव होईना. थोडं तरी चालतंय का बघावं, म्हणून रोलच्या तोंडाचा वीतभर तुकडा कापून त्यात धुतला. जन्मभर असंच करत आलोय. सुरुवातीचे दोन फोटो कुणाचेही असोत, पाय नाहीतर भिंत. तुकडा कोरा निघाला. नुसता फिल्मचा नारिंगी रंग.

वहिनी : गेले तर गेले पाय! यांचा फोटो शेवटी आहे. आयुष्यभर माझेच काढत बसले. त्या दिवशी मीच हट्ट धरला, तुमचा एक तरी नको का? मग खिडकीत कॅमेरा ठेवून टायमर लावला आणि धावत माझ्याशेजारी आले. धाप लागली होती बिचाऱ्यांना. दोनदा काढला, आणि रोल संपला.

भाऊजी : तो कॅमेरा मीच दिला होता ना दादाला?

वहिनी : तुम्हीच की.

भाऊजी : आणि मीच विसरलो. आज सकाळी उघडून पाहिला. तो आधी सगळी फिल्म डबीतून बाहेर ओढून घेतो आणि एकेक फोटो काढत परत आत नेतो. उलटा चालतो, वहिनी. पहिला फोटो पार आत, आणि शेवटचे तोंडाशी.

वहिनी : म्हणजे?

भाऊजी : मी कापला, तो दादाच होता.



वहिनी : परत धुवून बघा ना. काहीतरी असेल त्यावर.

भाऊजी : नाही हो. फिल्म एकदाच धुता येते. मला चार शिव्या तरी घाला.

वहिनी : शिव्या घालून येणारेत का ते?

भाऊजी : उरलेले चौतीस मी आजच काढतो. दादाच्या हातचे आहेत.

वहिनी : त्यात सगळी मीच ना?

भाऊजी : हो. तुम्हीच.

वहिनी : मग राहू द्या. तो कोरा तुकडा तेवढा द्या मला.