गुणाचं लेकरू

तितं नगं बांधू झोळी, छबू, तितं ऊन फिरतं — हितं बांध, ह्या लिंबाच्या फांदीला, माझ्याम्होरं. आज पयलाच दिस ना तुझा कामावर? मग तुला कसं ठावं असंल! ह्या तलावावरच्या समद्या बायांची लेकरं मीच सांभाळते, मुकादमानंच नेमलंय मला. तुमी निवांत माती वाहा. आन् हा माझा कानिफनाथ. व्हय, माझाच. चार वर्सं सरली त्याला — बघ, तुझंबी तोंड तसंच झालं. समद्यांचंच हुतं. बसला की वर्साचा दिसतो, मला कुठं दिसत न्हाई व्हय ते? जीभ भायेर राहती, पाय अजून नीट धरत न्हाई. त्याच्यापायीच तर हे बैठं काम मिळालं मला. न्हाईतर ह्या दुष्काळात लंकाबाईला सावलीत कोन बसवतंय?

काय म्हनलीस? तुझी पोरगी गुनाची हाय, रडायचीच न्हाई, मला काई तरास न्हाई? बरं बरं. रातीला पाजायलाबी तूच उठवतीस तिला? तीन म्हयने झाले आन् तरी स्वताहून उठत न्हाई? हं... ऐकतेय की.

माझा कानिफबी असाच हुता. गुनाचा. त्या साली आमी पाथर्डीकडनं खाली पाटाच्या मुलखात ऊस तोडाया गेल्तो, म्हयन्याचं बाळ काखंला. काय करनार, पोट हाय ना! थंडीत पाल्याच्या ढिगावर टाकायचं त्याला आन् आपुन फडात शिरायचं. दुपारला येऊन बघावं तर हे जसंच्या तसं, डोळं मिटून. कुनाचं लेकरू कोकलतंय, कुनाचं आईच्या पायात घुटमळतंय, आन् माझं बाळ म्हंजे — काय सांगू तुला — समद्या टोळीत त्याचंच नाव! बाया म्हनायच्या, लंके, अफू चाटवतीस का गं? आगं कशाची अफू, उपजतच शान्या हाय माझा बाळ, असं म्हनायची मी, तोऱ्यात. त्याचं झबलं मागून न्यायच्या बाया, आपल्या रडक्या पोरांना घालायच्या, गुन लागावा म्हून. एक झबलं टोळीच्या साऱ्या कोप्यांतनं, झोपड्यांतनं फिरून यायचं. शेजारच्या कडूबाईचं पोर तर रातभर किंचाळायचं, तिचा नवरा त्या पायी तिला मारायचा बिचारीला. तिलाबी दिलं मी झबलं. काई गुन आला न्हाई बघ — देवाची किरपा! आज ते पोर शेरडांमागं पळतंय, आईला उलटं बोलतंय, कालच तिच्या गाडग्यातला गूळ चोरला त्यानं. आन् माझा हितं बसलाय. 'आ' म्हनतो. मला 'आ', भाकरीला 'आ', कुत्र्यालाबी 'आ'. आई म्हनून हाक न्हाई मारली गं त्यानं मला. एकदाबी न्हाई.

नगं, पानी नगं मला. तू बस जरा, मुकादम आताच जेवाया गेलाय. तर काय — त्याचं पोट फुगून फुगून टम्म व्हायचं, आठ-आठ दिस शी न्हाई, म्हून नेला नगरला दवाखान्यात. तवर दोन वर्सांच्या वर गेल्ता. तितली मरिया नर्स, तिनं लांबनंच वळखलं. मग त्या डाक्टरीनबाईनं त्याच्या गुडघ्याचा फोटू काढला. हाडं म्हनं अजून तान्ह्या पोराची हायेत. मला जवळ बसवून सांगितलं तिनं — बाई, मानसाच्या गळ्यात, हितं नरड्याशी, एक गाठ असती. तुला हाय, मला हाय, त्या मुकादमाला हाय. तिच्यातनं रस सुटतो आन् रगतात मिसळतो. अंगाची ऊब, हाडांची वाढ, पोट साफ हुनं, डोक्यातली समज, समदं त्या रसाच्या हुकमावर. आन् डोक्यात आनिक एक गाठ हाय, ती ह्या गळ्यातलीला कामाला लावती. माझ्या कानिफची डोक्यातली गाठ नुस्ती वरडतीया म्हनं — सोड रस, सोड रस. पन गळ्यात गाठच न्हाई, तर ऐकनार कोन? जल्मापासून न्हाई. तो शाना हुता म्हून गप नव्हता गं, छबू. त्याच्या अंगात रडायचंच बळ नव्हतं.

गोळी दिली तिनं. बारकी, मुगाएवढी. रोज एक, जल्मभर. थोड्या दिसांत अंगाला ऊब आली, केस मऊ झाले. आन् एका सकाळी रडला! आसा खणखणीत रडला का वस्तीवरची मानसं धावत आली, काय झालं म्हून. मी चुलीम्होरं बसून त्याच्यासंगं रडले, पन सुखानं. मला वाटलं, झालं, आता समदं माघारी येईल. डाक्टरीनबाई म्हनली, अंग वाढंल बाई. पन डोक्याची वाढ पयल्या म्हयन्यांत हुती, ती येळ गेली. लौकर आनलं असतं तर चार पोरांसारखा झाला असता. लौकर कसं आननार? गप लेकराला घेऊन दवाखान्यात कोन जातं, तूच सांग!

थांब. आता तुझी पोरगी रडली का ती? कसला आवाज तो, घोगरा — गळा बसलेल्या कोंबड्यावानी? सर्दी न्हाई, न्हवं? बघू. दे इकडं. आगं देवा... चैताचं ऊन पडलंय, दगड तापलेत, आन् हिचं अंग गार हाय. बेंबी बघ कशी वर आलीया. जल्मली तवा पिवळी हुती? लई दिस पिवळी हुती? जीभ... छबू, जीभ बघ हिची. आन् मग माझ्या कानिफकडं बघ.

का गं, पदरात का लपवतीस? माझी दीठ लागंल म्हून? बाई कुड्या मनाची हाय, आपल्यासारकंच दुसऱ्याचं वंगाळ व्हावं वाटतं तिला, आसंच ना? म्हन की. हेवा वाटतोय मला तुझा, खरंच वाटतोय, खोटं कशाला बोलू! जीव जळतोय माझा. तुझी पोरगी तीन म्हयन्यांची हाय गं. तीनच म्हयन्यांची! माझ्या कानिफला त्या वयात कुनी आसं हातात घेऊन बघितलं असतं, तर मी त्या बाईचे पाय धुऊन पानी पिले असते.

सासू काय म्हनंल ते म्हनू दे. पोरीच्या जातीला कशाला दवाखाना, म्हनंल — म्हनू दे. हजेरीचं मी बघते. मुकादमाला सांगते, पोटात दुखतंय म्हून गेली. फाट्यावर आता नगरची येष्टी येईल, तितनं थेट दवाखान्यात जा. मरिया नर्सला इचार, लंकाबाईनं धाडलंय म्हनावं, कानिफच्या आईनं. गळ्याची गाठ बघा म्हनावं, एवढं एकच ध्यानात ठेव. पोरगी शांत हाय, गुनाची हाय, आसं कुनाला सांगत बसू नगं. रडत न्हाई म्हून सांग. आन् रडू नगं गं तू, पोरी, तुझं काई गेलेलं न्हाई अजून. ऊठ. झोळी राहू दे. ऊठ म्हनते ना!

कानिफ, तिचा पदर सोड बाळा. सोड. त्यास्नी जायचंय.