शंकरपाळे मी खरडले नाई

माहा जन्म भंडाऱ्याकडचा, शेतकऱ्याच्या घरचा, शाळा चौथीपर्यंत. भिलाईले आलो तवा इथं मध्यप्रदेश होतं, मरोद्यात खोली केली अन् प्लांटात भट्टीवर लागलो. काय सांगू तुमाले, भट्टीत तापलेली हवा जाते ना, थ्या पाइपाचा जोड कुठं फुटला का अशी धार सुटते का दिसत नाई, नुसती शिट्टी, अन् आडवा हात गेला तर हात गेला. म्हनून आमी लाकडाची जाड फळी भिजवून, वरून डांबर थापून, धारेपुढं तिरपी उभी करत जाऊ, अन् तिच्यामागून काम करू.

थ्या जळक्या फळीवर शंकरपाळे उमटत. ओळीनं, जसे बायकोनं कातण्यानं कापले. अन् मी पायलं, एक डाव नाई, धा डाव पायलं, हवेचा जोर वाढला का शंकरपाळे बारीक होतात. एक दिवस फळी काढली तर आकारानं कालच्याहून निम्मे! फळीच उचलून साहेबाकडं नेली, म्हनलं साहेब, जोड फाटून राहिला, भट्टी बंद करा. साहेब नवा इंजिनीयर. थो हसला ना! म्हने क्यों देवराम, छेनी से कितनी देर लगी, आराम चाहिए तो छुट्टी मांग. अन् सगळ्याईपुढं मेमो देल्ला, फळी खरडून खोटी खबर देल्ली म्हनून.

मी खरडली! अहो मी कावून खरडू? मीबी जिद्दीचा. म्हनलं नवी फळी लावतो, मागून तुमीच खडूनं सही करा. केली त्याईनं. पाळी संपायच्या आत काढली, मागं साहेबाची सही, पुढं शंकरपाळे, अजून बारीक. भट्टी बंद केली, जोड उघडला तर बोट जाईन येवढी भेग. माहा जोडीदार मंगलू तिथंच उभा राहत होता, थो वाचला.

मंग म्हनलं, साहेब, मेमो वापस घ्या. तर म्हने हो गया ना देवराम, अब छोड़. सोडू कावून? मी रिटायर झालो, मेमो फाइलीत तसाच.

आता माही नात कॉलेजात शिकते. थे म्हने आबा, आभाळातून खाली येनाऱ्या यानाच्या तोंडावर आडोसा असते, जोराच्या तापल्या हवेनं त्याच्यावरबी असेच शंकरपाळे उमटतात, पुस्तकात फोटो हाय. म्हनलं मंग तिथं कोन गेलता छेनी घेऊन, देवराम?

लिहिलं का तुमी? वाचून दाखवा. बाकी खोडलं तरी चालन, पन मी खरडलं नाई, हे ठेवा. साहेब जिथं असन तिथं सुखी राहो, पन मेमो वापस घेऊन.