धरलं की सोडत नाही

सकाळचे अकरा, मरोळच्या औद्योगिक वसाहतीतला एक गाळा. मी सहज बघायला गेलो होतो. लोखंडाची भुकटी रोलरखाली दाबून, भट्टीत भाजून तिथे लिफ्ट थांबवणाऱ्या स्विचसाठी पट्ट्या बनतात. मालक सावंतांनी पट्टीभोवतीच्या तारेत करंट सोडला, टाचण्या चिकटल्या. करंट बंद केला, तरी एकही पडेना.

"बघा! आम्हा मालवण्यांसारखी, धरलं की सोडत नाही!"

"अहो सावंत," मी म्हणालो, "करंट गेला की हिने सोडायलाच हवं ना? नाहीतर लिफ्ट थांबणार कशी?"

सावंतांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली. "वाट लागली! भट्टीत कच्ची राहिली, म्हणून चुंबकच बनून बसली."

"आणि याच भट्टीतला कालचा माल?"

"तो बोरीवलीला गेला, लिफ्टमध्ये बसवायला."

बोरीवलीत कुठल्या इमारतीत, हे मी तेव्हापासून विचारतोय. अजून कोणीही सांगितलेलं नाही.