पदरावरचा मासा

गिरिजा: थांब, थांब! ती कात्री आधी खाली ठेव. आई, तू हे उसवलंस?

आई: ओरडतेस काय? पोर झोपलीये. उसवलं म्हणजे काय, पदरावरचा हा एवढा मासा. बाकी साडीला मी हात लावलेला नाही.

गिरिजा: पण तुला सांगितलं कोणी?

आई: सांगायला कशाला हवं? डोळे आहेत मला. पार्सल आलं, तुझी मीटिंग चाललेली, म्हणून मी उघडलं. आपल्या गोधडीचाच धावदोरा गं, पण रेशमावर! वेली, कमळं, सगळं कसं मुंग्यांच्या रांगेसारखं. आणि हा मासा? एक टाका मोहरीएवढा, दुसरा तांदळाएवढा. म्हटलं, तू येईपर्यंत नीट करून टाकू.

गिरिजा: शिवणक्लास बंद करून सहा वर्षं झाली तुला! अजून लोकांचे टाके तपासतेस?

आई: तीस वर्षं इस्लामपुरात शिकवलंय मी. वाकडा टाका दिसला की उसवायचा, पुन्हा घालायचा. त्यात काय चुकलं?

गिरिजा: माहितीये. माझा नववीतला परकर पाच वेळा उसवायला लावला होतास. रडत होते मी.

आई: सहाव्या वेळी सुरेख झाला होता.

गिरिजा: आई, ऐक. हा मासा माझ्या सासूबाईंनी मे महिन्यात घातला. कोविड झालेला असताना. नाकात ऑक्सिजनची नळी आणि मांडीवर ही साडी. माझी नणंद सांगत होती, कितीही नको म्हटलं तरी सुई सोडेनात. मासा झाला आणि चौथ्या दिवशी त्या गेल्या.

आई: अगं बाई... मला हे कोणी सांगितलं?

गिरिजा: पार्सलमध्ये चिठ्ठी होती!

आई: बंगालीत. मला काय कळणार त्यातलं? घडी घालून फळीवर ठेवली.

गिरिजा: मग विचारायचंस ना! तेवढा धीर नाही तुला. अनिर्बानला स्वतःच्या आईच्या अंत्यसंस्काराला जाता आलं नाही. इकडे ट्रलीच्या हॉस्पिटलात ड्यूटीवर होता, विमानंही बंद, फोनवर बघितलं सगळं. तीन महिने या साडीची वाट बघतोय तो. आज सुट्टी टाकून निघालाय, फक्त हिच्यासाठी. त्याला काय दाखवू मी? भोकं?

आई: दोरा टाकला नाहीये मी. या डबीत आहे, तुकडा न् तुकडा. भोकं धरून परत घालते. होते तसेच, वाकडे.

गिरिजा: ते तुझे टाके होतील, आई! आणि तुला जमणारही नाही. वाकडा घालायचा म्हटलंस तरी तुझा हात सरळच जाईल.

आई: खरं सांगू? रागच आला होता मला. दीड वर्ष अडकून पडलेय या परदेशात, विमानाचा पत्ता नाही. मी दिलेली पैठणी, तुम्ही प्रेस म्हणता त्या कपाटात पडलीये, घडीसुद्धा मोडली नाहीस. आणि हिच्यासाठी सकाळपासून तीनदा दार उघडून बघितलंस. म्हटलं, बघू तरी विहीणबाईंचं काम. चूक सापडली तेव्हा... बरं वाटलं गं मला.

गिरिजा: आई!

आई: आता वाटतंय, जळला मेला माझा हात.

गिरिजा: असलं काही बोलू नकोस. त्याने काय होणार आहे? दे ती साडी इकडे. हे काय, शेपटीकडचं तर तसंच आहे. एवढं का सोडलंस?

आई: सोडलं नाही. पोर उठली, तिला दूध द्यायला गेले. नाहीतर तेही गेलं असतं.

गिरिजा: अनिर्बानचा मेसेज. डून लेरी स्टेशनला उतरलाय, पोचेलच पाच मिनिटांत. तू आत जा. दार मी उघडते, देते काहीतरी थाप.

आई: नको. मी उघडते.

गिरिजा: हिंदीत धड चार वाक्यं येत नाहीत तुला. काय सांगणार त्याला?

आई: शेपूट दाखवेन. म्हणेन, एवढं तुमच्या आईचं. बाकीचं मी घालवलं.