तेलाचा एक थेंब

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आजी आपल्या नंबराची वाट बघत बसल्या होत्या. काउंटरपाशी त्यांच्याच वयाचे एक घड्याळजी उभे होते. दुकानदारीण हातातली हार्ड डिस्क निरखत होती.

"काका, ही उघडली कोणी?"

"मीच. सारखी टकटक करायची. पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त केली, वाटलं तेल मागतेय. एकच थेंब घातला हो."

"अहो, हिला आत धुळीचा कणसुद्धा सोसत नाही!"

"माझ्या मुलाचा आवाज आहे हिच्यात. तो गेला तेव्हा नात पाळण्यात होती. तिला तेवढाच बाप उरलाय."

"आता काही निघणार नाही, काका."

"आणि उघडली नसती तर?"

"तर... निघालं असतं बहुतेक."

"सून गाडी लावून येतेय. तिला म्हणा, आधीच गेली होती. एवढे उपकार करा, बाई."

दार ढकलून सून आत आली.

"काय म्हणतात, बाबा? मिळेल ना?"

"ताई, डिस्क आधीच गेली होती. इलाजच नव्हता."

सून काउंटरला टेकली. मग तिने सासऱ्यांचा हात हातात घेतला.

"रडू नका, बाबा. तुम्ही तर जिवापाड जपली होतीत."