दोन्ही बाह्या उजव्या

भाची : काढून टाकते म्हटलं ना मावशी. पण आधी ऐकून तरी घे.

मावशी : काही ऐकायचं नाही. तीस वर्षं शिवणकाम केलं आणि जगाला दाखवलं काय, तर एका ड्रेसच्या दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या कापल्या. तो व्हिडिओ आत्ताच्या आत्ता काढ.

भाची : टाक असं तूच म्हणालीस.

मावशी : व्हिडिओतला चुकीचा तुकडा कापून मग टाक म्हणाले होते. ते कापणं तुझ्याकडे होतं.

भाची : म्हणजे दोघींचंही कापायचं चुकलं.

मावशी : दात काढू नकोस. फुलाफुलांचं कापड, उलटं फिरवून लावायची सोय नाही. दुसऱ्या बाहीला मापाचा कागद पालटायचा राहिला माझा. शेवटी उरलेल्या तुकड्यांना काखेत जोड देऊन डावी बाही काढावी लागली. पहिल्या महिन्यातली शिकाऊ पोरगी करते ही चूक. आणि ड्रेस कुणाचा, तर बँकेतल्या बाईंचा. त्यांनी पाहिलं म्हणजे?

भाची : पाहिलं.

मावशी : काय सांगतेस.

भाची : खाली लिहिलंय त्यांनी. 'हा माझाच ड्रेस ना? दोनदा घालून झाला. आता काखेत जोड शोधत बसलेय, सापडत नाही.' पुढे हसरे चेहरे.

मावशी : किती?

भाची : तीन.

मावशी : तीन म्हणजे रागावलेल्या नसाव्यात. तरी संध्याकाळी जाऊन येते. ड्रेस देतानाच सांगायला हवं होतं, तेव्हा जीभ रेटली नाही.

भाची : सहा महिन्यांपूर्वी तू नुसती बघत होतीस, आठवतं? दुपारी मशीन थांबवून त्या कॉलरवाल्या ताईंचे व्हिडिओ. नवी कॉलर त्यांच्याकडूनच शिकलीस.

मावशी : शिकले, नाही कशाला म्हणू? पण त्यांची कॉलर मानेला नीट बसत नाही. तसं कळवलं मी.

भाची : अकरा वेळा कळवलंस. शेवटी त्या बिचाऱ्या म्हणाल्या, आता तुम्हीच करून दाखवा.

मावशी : तिथेच माझं डोकं फिरलं आणि मी व्हिडिओ करायला घेतले. आता माझ्या खोड्या काढायला गावभर माणसं मोकळी.

भाची : खोड्या कोण काढतंय? तुझा कॉलरचा व्हिडिओ लोकांनी पाहिला आणि गेले. हा मात्र मागे घेऊन घेऊन बघतायत. तू बाही लावायला घेतेस, थांबतेस, दोन्ही समोर धरतेस आणि मटकन स्टुलावर बसतेस, तो भाग.

मावशी : मजा बघत असतील.

भाची : एक शिवणवर्गाच्या शिक्षिका आहेत. त्यांचं वाचू?

मावशी : वाच. आता काय उरलंय.

भाची : 'वीस वर्षं मुलींना बजावतेय, कागद पालटा. माना हलवतात आणि तेच करतात. तुमचा चेहरा पाहून परवा पूर्ण वर्ग गप्प झाला. काल एकीचीही बाही चुकली नाही. हा व्हिडिओ दर वर्षी दाखवला तर चालेल का?'

मावशी : दर वर्षी?

भाची : म्हणून विचारत होते, काढू का?

मावशी : थांब जरा. आमचे मास्तर असते तर त्यांनी मला दुकानातून हाकललं असतं. मुंढा, म्हणजे बाही बसते तो खांद्याचा गोलावा, कापायची वेळ आली की ते मला चहा सांगायला पाठवायचे. परत येईतो कापून तयार. कधी मी आधीच परतले, तर माझ्याकडे पाठ करून कापायचे.

भाची : मग तू शिकलीस कशी?

मावशी : टेबलाखालच्या चिंध्या गोळा करायचे. घरी जमिनीवर मांडून बघायचे, हा तुकडा कुठून निघाला असेल. एक बाही समजायला मला दोन वर्षं लागली. फार राग यायचा त्यांचा. अजून येतो.

भाची : मावशी, आणखी एक आहे. वाचू की नको, कळत नाही.

मावशी : आता अडखळू नकोस.

भाची : कुणी मुलगी आहे. घरीच शिकते म्हणते, जवळपास क्लास नाही. 'चूक कशी झाली ते कळलं. पण जोड देऊन डावी बाही कशी काढलीत, ते दिसलंच नाही. तेव्हा कॅमेऱ्यासमोर फक्त तुमची पाठ होती.'

मावशी : माझी पाठ?

भाची : प्रत्येक व्हिडिओत असते. कात्री हातात घेतलीस की तू भिंतीकडे वळतेस. मी खांद्यावरून फोन धरते, स्टुलावर चढते, तरी हात दिसत नाहीत. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.

मावशी : मी वळत नाही गं. टेबलच भिंतीकडे तोंड करून आहे.

भाची : ते कुणी ठेवलं तसं?

(मशीनवरचं कापड घडी करून बाजूला ठेवल्याचा आवाज.)

मावशी : ती दुसरी उजवी बाही आहे ना अजून?

भाची : पिशवीत आहे. टाकू दिली नाहीस तू.

मावशी : काढ ती. जोड कसा द्यायचा ते त्या मुलीला दाखवू. त्या शिक्षिकाबाईंना लिही, खुशाल दाखवा म्हणावं, फक्त माझा चेहरा मोठा करू नका.

भाची : लिहिते. आणि हा व्हिडिओ?

मावशी : राहू दे तो. फोन ठेव आधी खाली आणि टेबलाची ती बाजू धर. भिंतीपासून ओढू या.